किमतीचा रकाना कोण भरणार?

अभयारण्याची हद्द कुठून कुठे जावी हे ठरवायला हल्ली सॉफ्टवेअर वापरतात, आणि ते कसं वापरायचं हे शिकवणारी प्रशिक्षणंही होतात. असा विषय वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात कशाला, असं कोणीही विचारेल. विज्ञान मंडळाचं भित्तिपत्रक आहेच की! पण बडोद्यात अशा प्रशिक्षणांना मदतनीस म्हणून मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा गाडी अडली ती शब्दांपाशी. संगणकापाशी फारशी अडली नाही. म्हणून हे इथे लिहिते आहे. मत आधीच सांगून टाकते: ही प्रशिक्षणं चुकीच्या क्रमाने दिली जातात. बटणं आधी शिकवतात, प्रश्न नंतर. आणि ज्यांचं आयुष्य त्या नकाशात अडकलेलं असतं ते वर्गात नसतातच.

आधी हे सॉफ्टवेअर काय करतं ते बघू. या कामात सगळ्यांत जास्त घेतलं जाणारं नाव म्हणजे मार्क्सॅन. (कार्ल मार्क्सशी संबंध नाही. दर वेळी कोणीतरी विचारतंच.) इयान बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी ते ऑस्ट्रेलियात विकसित केलं आणि ते फुकट मिळतं. त्याचं काम समजायला गणित यायला हवं असं नाही. समजा, बडोद्याच्या पूर्वेला पावागडपासून जांबुघोड्यापर्यंतचा नकाशा घेतला आणि त्यावर चौकोनांचं जाळं टाकलं. पाचशे चौकोन झाले. प्रत्येक चौकोनात काय काय आहे ते एका तक्त्यात लिहायचं: साग किती, बांबू किती, मोह किती, झरा आहे का, अस्वलाचा किंवा बिबट्याचा वावर आहे का. दुसऱ्या तक्त्यात आपलं लक्ष्य लिहायचं, म्हणजे सागाच्या रानाचा निदान तिसरा हिस्सा राखला गेला पाहिजे, झऱ्यांपैकी निम्मे, असं. आणि तिसऱ्या ठिकाणी, प्रत्येक चौकोनापुढे, एक आकडा लिहायचा. त्या रकान्याचं नाव ‘किंमत’. मग सॉफ्टवेअर असा चौकोनांचा गट शोधतं की सगळी लक्ष्यं पुरी होतील आणि एकूण किंमत कमीत कमी पडेल.

हे हाताने का करत नाहीत? कारण पाचशे चौकोनांतून ‘हा घ्यायचा, हा सोडायचा’ असे पर्याय मांडायला गेलं तर एकावर दीडशे शून्यं इतके होतात. विश्वातले सगळे अणू मोजले तरी ऐंशी-एक शून्यांत संपतात. सगळे पर्याय तपासणं संगणकालाही जमणार नाही. म्हणून तो लोहाराची युक्ती वापरतो. तापवलेला धातू हळूहळू थंड होऊ दिला की आतले कण नीट बसतात. तसं सॉफ्टवेअर सुरुवातीला ‘गरम’ असतं, वाईट बदलसुद्धा करून बघतं, आणि जसजसं थंड होतं तसतसं फक्त चांगले बदल स्वीकारतं. दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं. म्हणून ते शंभर वेळा चालवतात आणि कोणता चौकोन किती वेळा निवडला गेला ते मोजतात. शिकाऊ माणूस इथे हमखास फसतो. शंभरपैकी नव्वद वेळा आलेला चौकोन म्हणजे ‘सर्वांत महत्त्वाचा’ असं त्याला वाटतं. खरा अर्थ एवढाच की त्याला बदली चौकोन मिळणं अवघड आहे. तिथे असलेली गोष्ट दुसरीकडे नसेल, किंवा तो नुसता स्वस्त असेल!

स्वस्त. हा शब्द नीट बघायला हवा.

बहुतेक प्रशिक्षणांत सरावासाठी तयार तक्ते देतात. त्यातल्या किमतीच्या रकान्यात सहसा चौकोनाचं क्षेत्रफळ असतं, नाहीतर जमिनीचा सरकारी दर, नाहीतर लोकवस्तीचा आकडा. आकडे सहज मिळतात म्हणून ते घेतात, बाकी काही कारण नसतं. आता विचार करा, जमिनीचा दर कुठे सर्वांत कमी असतो? जिथे रस्ता नाही, सातबारा कोणाच्या नावावर नाही, विकत घेणारा नाही तिथे. म्हणजे डोंगरातल्या पाड्यावर. सॉफ्टवेअरला कमी किमतीचे चौकोन आवडतात. तो त्याचा स्वभाव आहे, त्यात त्याचा दोष नाही. पण तुम्ही रकान्यात बाजारभाव लिहिलात की ते निमूटपणे सर्वांत गरीब माणसाचं रान उचलून देतं आणि पडद्यावर सुंदर हिरवा नकाशा दिसतो.

मी बसले त्यातल्या दुसऱ्या प्रशिक्षणात दोन तरुण पूर्व पट्टीतल्या आदिवासी गावांतून आले होते. बाकी सगळे पदव्युत्तर विद्यार्थी आणि दोन-तीन वनरक्षक. सरावाचा नकाशा पडद्यावर आला. त्यातला एक तरुण बराच वेळ बघत बसला आणि मग त्याने विचारलं, “हा खाना एवढा स्वस्त का?” शिकवणाऱ्यांनी सांगितलं, तिथे शेती नाही, घर नाही. तो म्हणाला, “पण आमचा मोह तिथेच आहे ना.” फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहाची फुलं वेचायची, सुकवायची, विकायची, मग टिमरूची पानं. घरात रोख पैसा येतो तो याच दिवसांत. तो चौकोन त्याच्या घरासाठी वर्षातला सगळ्यांत महाग चौकोन होता आणि तक्त्यात त्याची किंमत जवळजवळ शून्य होती. शिकवणारे गृहस्थ भले होते. त्यांनी लगेच सांगितलं की हा सराव आहे, खरा आराखडा नाही. बरोबर आहे. पण सरावात जी सवय लागते तीच पुढे कामाला येते, हेही तितकंच बरोबर आहे.

मार्क्सॅनचं नाव घेतलं की ग्रेट बॅरियर रीफचा दाखला दिला जातो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या त्या प्रवाळ प्रदेशात २००४ साली नवी आखणी लागू झाली आणि जिथे मासेमारी पूर्ण बंद, असा भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो एकदम तेहतीस टक्क्यांवर गेला. सॉफ्टवेअरचा मोठा विजय म्हणून ही गोष्ट शिकवतात. त्यातला अर्धा भाग मात्र सांगायचा राहतो. त्या आखणीवर लोकांकडून ३१ हजारांहून जास्त लेखी सूचना आल्या होत्या आणि अंतिम रेषा त्या वाचून, चर्चा करून, हाताने सरकवलेल्या होत्या. सॉफ्टवेअरने कच्चा खर्डा दिला. आणि एवढं करूनही मच्छीमारांच्या नुकसानीचा अंदाज चुकला; भरपाईची रक्कम सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढत गेली. म्हणजे पैसा, माणसं आणि आकडेवारी यांची ददात नसलेल्या देशातही किमतीचा रकाना पहिल्या फेरीत नीट भरता आला नाही. आपल्याकडे तो तासाभरात भरून होतो.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण घ्यायचं तर पश्चिम घाटाचं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१०-११ मध्ये सगळ्या घाटावर साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरच्या चौकोनांचं जाळं टाकलं, प्रत्येक चौकोनाला संवेदनशीलतेचे गुण दिले आणि तीन प्रतींचे टापू सुचवले. पद्धत आपल्या विषयाच्या अगदी सख्ख्या नात्यातली. समितीने हेही स्पष्ट म्हटलं होतं की हा आरंभ आहे, अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा आणि त्यांनी बोलावं. घडलं काय? अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला, पण माहिती आयुक्तांचा आदेश आणि कोर्टकज्जा होऊन तो लोकांपुढे यायला २०१२ उजाडलं. तोवर कोकणात आणि केरळात ‘चौकोनात गेलात की घराला कौलं बदलता येणार नाहीत’ असल्या अफवा पोचल्या होत्या. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, उपग्रहाच्या बारीक चित्रांवर आधारलेला, आणि संवेदनशील भाग सुमारे ३७ टक्के ठरला. चौकोन मोठे की बारीक यावर तज्ज्ञांनी खूप लिहिलं. चौकोन वाचता येणारं माणूस गावात होतं का, यावर फारच थोडं लिहिलं गेलं. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर स्वतःहून ठराव करून संवेदनशील क्षेत्र मागितलं होतं. म्हणजे लोक विरोधातच असतात हेही खरं नाही. त्यांना नकाशा कळला तर ते ‘हो’सुद्धा म्हणतात.

यावर दोन बाजूंनी हरकत घेतली जाते. पहिली हरकत तज्ज्ञांची: गावातल्या माणसाला शिकवलं तर तो आपल्या सोयीचे आकडे भरेल. भरेल की. पण जमिनीचा सरकारी दर कोणाच्या सोयीचा नाही असं आहे का? आणि ‘शिकणं जमणार नाही’ ही शंका तर केव्हाच मोडीत निघाली आहे. वाघांच्या गस्तीसाठी एम-स्ट्राइप्स ही प्रणाली २०१० पासून वापरात आली. आज जंगलातला साधा वनरक्षक मोबाइलवर पावलांच्या, विष्ठेच्या, सापळ्यांच्या नोंदी घेतो. त्याला कोणी उपग्रहशास्त्राची पदवी विचारली नव्हती.

दुसरी हरकत मला जास्त गंभीर वाटते, कारण ती माझ्या जवळच्या माणसांकडून येते. चळवळीत काम करणारे म्हणतात, हे सगळं सॉफ्टवेअर म्हणजे लोकांना रानाबाहेर काढायचं नवं हत्यार. त्याला हातच लावू नका. त्यांचा राग मला कळतो. पण नर्मदा जिल्ह्यात जे घडलं ते त्यांनी विसरू नये. बडोद्याहून राजपिपळा ओलांडून पुढे गेलं की शूलपाणेश्वर अभयारण्य लागतं. १९८२ साली ते डुमखल या नावाने, अस्वलांसाठी म्हणून, बरंच लहान सुरू झालं आणि वाढत वाढत सहाशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. रान वाढलं तशी त्यातली गावंही वाढली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर या भागातल्या आदिवासींनी जमिनीचे दावे केले. कायद्याची अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं. गुजरातमध्ये गांधीनगरच्या सरकारी संस्थेने केलेल्या उपग्रह-चित्रांच्या वाचनावरून दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले. चित्रात शेत दिसत नाही, म्हणजे शेत नव्हतं!

आर्च-वाहिनी या संस्थेने तिथे वेगळा मार्ग धरला. गावातल्याच तरुणांना जीपीएस यंत्र हातात दिलं. ते शेताच्या बांधाबांधाने चालले, हद्दी नोंदवल्या आणि त्याच प्रकारच्या उपग्रह-चित्रांवर त्या रेषा बसवून दाखवल्या. डोंगरउतारावरचं, झाडं मध्ये राखलेलं शेत वरून रानासारखं दिसतं. पण बांधाची रेषा टाकली की तेच शेत म्हणून ओळखू येतं. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१३ मध्ये न्यायालयाने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितलं. कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांतही स्पष्ट म्हटलेलं आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही. आता मला सांगा, त्या तरुणांनी ‘यंत्राला हात लावणार नाही’ असं म्हटलं असतं तर? तंत्र वाईट आहे म्हणून दूर उभं राहिलं की ते फक्त दुसऱ्याच्या हातात राहतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळवला, त्यामागेही वर्षानुवर्षं आपलं जंगल आपण मोजण्याचा, नोंदवण्याचा अभ्यास होता.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बडोदेकरांना लगेच पटेल. या सॉफ्टवेअरमध्ये एक खुंटी असते. ती पिळली की निवडलेले चौकोन एकमेकांना चिकटून येतात. सुटेसुटे तुकडे राखायला अवघड, म्हणून हद्दीची लांबी जितकी कमी तितकं बरं, हा त्यामागचा विचार. वाघासाठी ठीक आहे. पण विश्वामित्रीचं काय? पावागडला उगम पावून ती शहराच्या मधून, सयाजीबागेला लागून वळणं घेत जाते आणि तिच्यात मगरी राहतात. भर शहरात! ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या ते सगळ्या देशाने बघितलं. नदी म्हणजे लांबलचक अरुंद पट्टा, तिला सगळी हद्दच हद्द. खुंटी पिळली की नदीचे चौकोन पहिल्यांदा गळून पडतात. मगर मात्र अंडी घालते ती काठाच्या मातीत. पुरानंतर पात्र खोल-रुंद करायचं काम काढलं तेव्हा काठ हा पुराचा प्रश्न होता. मगरीच्या हिशेबात तो प्रसूतिगृह आहे. सॉफ्टवेअरला दोन्ही सांगता येतं, पण खुंटी कशासाठी आहे हे माहीत असणारा माणूस लागतो. आणि ते माहीत होण्यासाठी नदीकाठी उभं राहावं लागतं, वातानुकूलित प्रयोगशाळेत ते कळत नाही. तसंच वढवाण्याचं. डभोईजवळचा तो तलाव गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. आज पट्टकदंबांचे थवे तिथे हिवाळा काढतात आणि २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला. पाणी कधी सोडायचं हे शेतकऱ्याला आणि पक्ष्याला वेगवेगळं हवं असतं. अशा जागेची किंमत महिन्यागणिक बदलते. तक्त्यात मात्र एकच आकडा मावतो.

आता शब्दांकडे येते. प्रशिक्षणाची पुस्तिका इंग्रजीत, पडदा इंग्रजीत, शिकवणं इंग्रजी-गुजराती-हिंदीची खिचडी. पूर्व पट्टीतली मुलं घरी राठवी बोलतात, दक्षिणेकडची वसावी. सातपुडा ओलांडून अक्कलकुव्यात उतरलं तर तिथली मुलं वसावी बोलून मराठी शाळेत जातात. ‘किंमत’ या एका शब्दाने किती घोटाळा केला बघा. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘हे राखायचं तर काय गमवावं लागेल’ असा घेता येतो. आपण ‘किंमत’ म्हटलं की डोळ्यांपुढे बाजार येतो. ‘झळ’ म्हटलं असतं तर? ‘या चौकोनाची झळ कोणाला, किती?’ असं विचारलं असतं तर त्या तरुणाने पहिल्याच तासाला उत्तर दिलं असतं, आणि विद्यार्थ्यांनीही सरकारी दर लिहायच्या आधी चार वेळा विचार केला असता. तिसऱ्या प्रशिक्षणात मी हा शब्द वापरून बघितला. एका वनरक्षकाने लगेच म्हटलं, “मग दोन रकाने करा, गावाची झळ वेगळी आणि जनावराची वेगळी.” पुस्तिकेत हे नव्हतं.

बडोद्याला हे काम नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला होता, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. कचेरीतला कागद रयतेच्या भाषेत जायचा तर शब्द आधी हवेत, एवढी साधी समज त्यामागे होती. आज त्याच शहरात रानाचे नकाशे आखायला शिकवतात आणि पन्नास शब्दांची यादी कोणी करत नाही. उपग्रह, सर्व्हर, परवाने, सगळ्याला खर्च मंजूर होतो.

आणि वेळ फार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत पृथ्वीचा तीस टक्के जमीन-पाण्याचा भाग राखायचा. भारतात अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं वगैरे मिळून पाच टक्क्यांच्या आसपास जमीन आहे. उरलेलं कसं मोजायचं, कशाला राखीव म्हणायचं यावर वाद होतील. पण नकाशे निघणार, आणि घाईने निघणार. घाईत तयार तक्तेच वापरले जातात.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रशिक्षण पाच दिवसांचं असेल तर पहिले दोन दिवस संगणक बंद ठेवा. कागदावर जाळं आखा, त्या टापूत चाला, आणि किमतीचा रकाना तिथल्या माणसांसोबत पेन्सिलीने भरा. वर्गातल्या निदान एक तृतीयांश जागा त्या गावांसाठी ठेवा, रोजगार बुडतो त्याच्या भरपाईसकट. मोहाच्या दिवसांत प्रशिक्षण ठेवू नका. तिसऱ्या दिवशी एकच नकाशा दोन वेगळ्या रकान्यांनी चालवून दोन्ही उत्तरं शेजारी लावा. एवढं केलं तर बटणं एका दुपारीत शिकून होतात, मी बघितलं आहे.

आणि मंडळाकडे एक काम. मी आत्तापर्यंत चाळीसेक शब्दांची यादी केली आहे. ‘झळ’ जमला. हद्द चिकटवणाऱ्या खुंटीला ‘सांधा’ म्हणून बघते आहे. नकाशातल्या चौकोनाला ‘खण’ म्हणावं की ‘वाफा’ हे ठरत नाही, कारण वाफा म्हटलं की ते शेत वाटतं आणि खण म्हटलं की चोळी. ज्या चौकोनाला बदली मिळतच नाही त्याला तर अजून काहीच सुचलेलं नाही. पुढचं प्रशिक्षण दिवाळीनंतर आहे. तोवर कोणाला सुचलं तर मंडळाच्या पत्त्यावर कळवा, वसावी किंवा राठवी येणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाही विचारा.